घरात विसरणारं माणूस असताना आपलं पुस्तक कसं वाचावं

ह्यांना डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे आठवण जात राहण्याचा आजार, सांगितला त्याला आता पाच वर्षं होतील. त्यातली पहिली दीड वर्षं मी एकही पुस्तक पुरं केलं नाही. वाचत होते, पण सगळं आजाराचंच, तेही रात्री अंथरुणात मोबाईल तोंडासमोर धरून. त्यातून माहिती मिळाली आणि झोप गेली. लग्न होऊन कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या घरात आले तेव्हापासून सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, कोनाड्यात वाचनालयाचं एखादं तरी पुस्तक असायचंच. त्या दीड वर्षात कोनाडा औषधांच्या डब्यांनी भरून गेला.

कोनाड्यात पुस्तक परत कसं आलं ते सांगते. तुमचा नवरा किंवा बायको अशी विसरायला लागली असेल, आणि तुम्ही एकेकाळी आवडीनं वाचणारे असाल, तर यातलं बरंचसं तुम्हालाही जमेल. मुख्य गोष्ट आधीच सांगते. "निवांत झाले की वाचेन" हे डोक्यातून काढून टाका. या घरात निवांतपणा येत नाही. वेळ तुटक मिळणार हे धरूनच चालायचं, आणि त्या तुटक वेळेत बसेल असं पुस्तक शोधायचं.

आधी तीन दिवस नुसतं बघा

पुस्तक आणायच्या आधी हे करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत तीन दिवस लिहून ठेवा की तुमचं माणूस कुठल्या वेळी शांत असतं आणि किती मिनिटं. अंदाजानं लिहू नका, घड्याळ बघून लिहा. मला वाटायचं, दिवसभरात पाच मिनिटंही मिळत नाहीत. लिहिल्यावर दिसलं की सकाळच्या चहा-गोळ्यांनंतर हे सोप्याच्या दारातून रस्त्यावरच्या गाड्या बघत वीस-पंचवीस मिनिटं बसतात. दुपारी जेवणानंतर पाऊण तास झोपतात. पहाटे पाच ते सहा मी जागी असते आणि हे झोपलेले असतात. म्हणजे तुकडे होते, मी ते भांडी घासण्यात आणि काळजी करण्यात घालवत होते. भांडी मागं ठेवली तरी चालतात, हे मला साठीत कळलं.

एक वेळ मात्र वाचनासाठी अजिबात धरू नका. दिवेलागणीची. आठवण जाणाऱ्या बऱ्याच माणसांना ऊन उतरायला लागलं की बेचैनी येते. येरझाऱ्या, "घरी जायचंय" असा हट्ट, संशय, सगळं त्याच वेळी. आपल्याकडे पावसाळ्यात तर चार वाजताच अंधारून येतं, तेव्हा हे आणखी लवकर सुरू होतं. त्या वेळी पुस्तक हातात घेतलंत तर पानही वाचून होणार नाही आणि चिडचिड दोघांची होईल. त्यापेक्षा अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीचा आवाज कमी करा आणि त्यांच्या हाताला काम द्या. आमच्याकडे लसूण सोलणं हे ते काम आहे.

पुस्तक उघडण्याआधीची पाच मिनिटं

मन पुस्तकात आणि कान दाराकडे असं वाचून काही हाती लागत नाही. कानाला सुट्टी मिळावी म्हणून आधी पाच मिनिटं खर्च करा. गॅसचा रेग्युलेटर सिलिंडरवरच बंद करायचा, नुसती शेगडीची बटणं नाही. औषधांचा डबा कुलपात. त्यांना लघवीला नेऊन आणायचं, पाणी प्यायला द्यायचं, चष्मा हाताशी ठेवायचा, कारण उठवणारी कारणं बहुतेक हीच तीन असतात. रस्त्याकडच्या दाराला आम्ही बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरमाळ बांधली आहे. दार जरा हललं तरी वाजते. शिवाय ह्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात नाव आणि माझा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे घामानं भिजत नाही.

खुर्चीची जागाही ठरवा. पुस्तकावरून नजर उचलली की ते दिसले पाहिजेत, पण तुम्ही त्यांच्या समोरासमोर नको. समोर बसलात तर त्यांना वाटतं आपल्याशी बोलायला बसली आहे. मी जरा तिरकी, त्यांच्या डाव्या अंगाला बसते.

कुठलं पुस्तक

इथं मी बरीच ठेचकाळले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा उत्साहानं जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली. सरदारांची नावं आणि नात्यांचा गुंता. दर वीस मिनिटांनी उठायचं, परत बसलं की कोण कुणाचा मेहुणा ते पुन्हा शोधायचं. चाळीस पानांनंतर परत केली. मग रहस्यकथा आणली. ती भराभर वाचून होत होती, पण एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. खून कुणी केला हे कळायला तीन पानं उरलेली असताना हे "अगं, माझी पिशवी कुठंय?" म्हणून पाचव्यांदा विचारायला आले आणि मी जोरात ओरडले. त्यांचा चेहरा असा झाला की अजून आठवतो. आपल्याला घट्ट धरून ठेवणारं पुस्तक या घरात उलटतं. त्याचा राग माणसावर निघतो, आणि राग कशाचा हे त्यांना कळत नाही, पण रागावली आहे एवढं नक्की कळतं आणि ते पुढं तासभर मनात राहतं.

म्हणून माझी पहिली कसोटी ही: पुस्तक कुठल्याही ओळीवर मिटता आलं पाहिजे, मिटताना मन हळहळता कामा नये. कथासंग्रह चालतात, त्यातही दहा-बारा पानांच्या कथांचे. ललित लेख, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णनं, पत्रसंग्रह, विनोदी लेख हे सगळं चालतं. आठवणींची पुस्तकं फार छान चालतात, कारण त्यात प्रकरणं सुटी असतात. कवितेचं पुस्तक कायम एक उशाला ठेवा, कारण एक कविता वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ती भाकरी थापताना दिवसभर मनात घोळवता येते. दिवाळी अंक तर या कामासाठीच काढल्यासारखा. एकाच अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं. रद्दीच्या दुकानात गेल्या वर्षीचे अंक अगदी थोड्या पैशात मिळतात, आणि शिळे असले म्हणून बिघडत नाही.

दुसरी कसोटी: आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचायला लाजू नका. तरुणपणी वाचलेलं पुस्तक परत हातात घेतलं की मध्ये कितीही वेळा उठलं तरी धागा सुटत नाही, कारण पुढचं ठाऊक असतं. पहिल्या वर्षी मी जवळजवळ सगळी अशीच वाचली. थकलेल्या मनाला ओळखीच्या घरी गेल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट टाळण्याची. आजाराची माहिती देणारं पुस्तक वाचनाच्या वेळेत आणू नका. ते वाचायलाच हवं, पण त्याला वेगळा वार द्या. मी बुधवारी सकाळी वाचते, वहीत प्रश्न लिहून ठेवते आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही नेते. बाकीच्या दिवशी ते पुस्तक कपाटात. गोडीनं वाचायची ती वीस मिनिटं आजाराला द्यायची नाहीत, याबाबतीत मी हट्टी आहे.

अक्षर मोठं बघा. रात्री बारीक टायपाशी झटत बसायला आता आपल्या डोळ्यांत ताकद नसते.

पुस्तकं आणायची कुठून

कोल्हापूरकरांना या बाबतीत नशीबवान म्हणायला हवं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, आणि स्वतंत्र भारतातला पहिला, मद्रासचा ग्रंथालय कायदा १९४८ मध्ये झाला त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, आपल्या संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. पेठापेठांतून लहान वाचनालयंही आहेत. अडचण पुस्तकांची नाही, पुस्तक बदलून आणायला बाहेर पडण्याची आहे.

मी असं केलं. ग्रंथपालांना एकदा समक्ष भेटून घरची परिस्थिती सांगितली आणि विचारलं की माझ्या कार्डावर दुसऱ्यानं पुस्तक नेलं तर चालेल का. चाललं. मग शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दर पंधरा दिवसांनी वीस नावांची यादी देते आणि सांगते, यातली जी दोन हाताला लागतील ती आण. दोनच नावं दिली तर ती बाहेर गेलेली असतात आणि मुलगी हात हलवत परत येते. यादी करणं हाही एक आनंद आहे. पहाटे चहा पिताना मी तेच करते.

घरातून अजिबात हलता येत नसेल तर मोबाईल आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही तशाच. एक नोंद म्हणजे पाच-सात मिनिटांचं वाचन. मध्ये एकदा मी रोज एका झाडाची नोंद वाचत होते. मोबाईलचं अक्षर मोठं करून घ्या आणि वाचताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात त्यात घुसतात.

वाचनालयाच्या पुस्तकाची काळजी मात्र घ्या. आठवण जाणारी माणसं वस्तू "जपून" ठेवतात. आमचं एक पुस्तक तीन आठवडे सापडलं नाही. भरपाई भरली, आणि नंतर ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यात निघालं, तळाशी, फडक्यात नीट गुंडाळलेलं. ह्यांच्या दृष्टीनं ते मौल्यवान होतं म्हणूनच तिथं गेलं. आता पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालते आणि वाचून झालं की उंच फळीवर ठेवते. ह्यांच्या हाताशी आमची स्वतःची दोन-तीन जुनी पुस्तकं असतात. ती चाळोत, दुमडोत, पेन्सिलीनं खुणा करोत.

कुठं होतो ते विसरू नये म्हणून

खुणेची पट्टी पुरत नाही, ती पडते किंवा काढून ठेवली जाते. मी जुन्या वहीचे हाताच्या पंजाएवढे कागद कापून ठेवले आहेत. उठावं लागलं की त्यावर पान नंबर आणि एक ओळ लिहिते: "पान ६२. थोरली सून विहिरीवर गेली आहे, सासऱ्याला अजून माहीत नाही." लिहायला दहा सेकंद लागतात. परत बसल्यावर ती ओळ वाचली की मागची दोन पानं चाळावी लागत नाहीत. पुस्तक संपल्यावर या चिठ्ठ्या मी दोऱ्यात ओवून ठेवते. त्यात माझी दोन-तीन वर्षं ओवलेली आहेत.

पहाटेसाठी पुस्तकालाच अडकवायचा चिमट्याचा छोटा दिवा घ्या, चार्जिंगचा. खोलीतला दिवा लावला की माणूस जागं होतं, आणि एकदा जागं झालं की सकाळच झाली असं त्याला वाटतं.

ऐकायची पुस्तकंही वाचनच समजा. स्वयंपाक करताना, कपडे घडी घालताना मोबाईलवर कथा ऐकते. फक्त एकाच कानात, दुसरा कान घरासाठी मोकळा.

दोघांनी मिळून

हे सुरुवातीला माझ्या यादीत नव्हतं. माझं वाचन म्हणजे माझी एकटीची जागा असं मी धरून होते, आणि अजूनही त्यातला मोठा भाग एकटीचाच आहे. पण आठवड्यातून तीन-चार वेळा मी मोठ्यानं वाचते, आणि त्यात मलाही गोडी लागली.

आधी एक समजून घ्या. या आजारात नवं लक्षात राहणं आधी जातं, जुनं पुष्कळ काळ टिकतं. छापलेलं मोठ्यानं वाचता येणंही बऱ्याच जणांत उशिरापर्यंत राहतं, अर्थ पुरता लागत नसला तरी. म्हणजे कालचा भाग आठवून आज पुढचा ऐकायचा, हे त्यांना जमणार नाही. पण या घटकेला कानावर पडणाऱ्या ओळीचा आनंद त्यांना घेता येतो. म्हणून एका बैठकीत संपेल तेवढंच वाचा, दहा मिनिटांचं. तेच उद्या परत वाचलं तरी त्यांच्यासाठी नवं असतं. लहानपणी पाठ झालेले अभंग, आरत्या, पाढे असले तर सोन्याहून पिवळं. तुम्ही अर्धी ओळ म्हणा आणि थांबा. पुढची अर्धी पुष्कळदा येते.

वाचून झाल्यावर "सांगा बघू, काय वाचलं?" असं कधीही विचारू नका. त्यांच्यासाठी ती परीक्षा आहे आणि त्यात ते नापास होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. वर्तमानपत्र वाचून दाखवत असाल तर बातम्या निवडून वाचा. निधनाच्या बातम्या वगळा. ऊसदर, कुस्ती, पाऊसपाणी, राधानगरी धरण किती भरलं, हे चालतं.

ह्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. गेल्या वर्षी माळ्यावर त्यांची एक जुनी डायरी सापडली, नुसते आकडे. टाकून देणार होते. सहज वाचायला घेतली: "भरलेलं वजन, रिकामं वजन..." हे गाड्या बघत होते ते वळले. म्हणाले, "टोळीचा नंबर आधी. मग वजन." आणि डायरी माझ्या हातातून घेऊन, ओळीखाली बोट धरून, एकामागून एक वाचत गेले. एक आकडा अडला नाही. पानाच्या शेवटी बोट थांबलं, माझ्याकडे बघून विचारलं, "आक्का, चहा घेणार?" आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली. मी घेते म्हणाले. आता ती डायरी आमच्या मोठ्यानं वाचायच्या पुस्तकांत आहे. तुमच्या घरीही असं काहीतरी असेल. शिवणकामाची मापं लिहिलेली वही, पाककृतींची वही, शाळेचं हजेरीपत्रक, जमाखर्च. ते शोधा.

सापडलं नाही तर स्वतः करा. चांगल्या जाड कागदाची वही, दहा-बारा पानं. पानावर एकच फोटो आणि खाली ठळक अक्षरात एकच ओळ, काळ्या शाईनं पांढऱ्या कागदावर. "रंकाळ्यावर भेळ." "जोतिबाची यात्रा, गुलाल." "खासबाग मैदान, दादांबरोबर." तारखा लिहू नका, त्यावरून गोंधळ होतो. ओळीत प्रश्न नको.

लोक काय म्हणतील

म्हणतील. "नवरा असा आणि ही पुस्तक घेऊन बसलीय," हे मी जवळच्या माणसाकडून ऐकलं आहे. बायकोला सांभाळणाऱ्या पुरुषांना हे कमी ऐकावं लागतं, बायकांना जास्त. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. जो बोलतो त्याला काम सांगा. "गुरुवारी चार ते पाच तू ह्यांच्याजवळ बस, मी आतल्या खोलीत आहे." भेटायला येणारी माणसं सफरचंदं आणतात, त्यांना खरं तर काहीतरी करायचं असतं, काय करावं ते कळत नसतं. वार आणि वेळ सांगितली की निम्मी तरी येतात. माझा धाकटा दीर असाच गुरुवारचा येतो. दोघं सोप्यात पत्ते मांडून बसतात, डाव कुणाचा ते दोघांनाही कळत नाही, आणि मला तासभर मिळतो.

त्या तासात मी फक्त वाचते. कपाट आवरत नाही.

जमत नाही तेव्हा

काही आठवडे असे जातात की एक ओळ होत नाही. त्याचा हिशेब ठेवू नका. कोनाड्यात पुस्तक राहू द्या, एवढं पुरे.

पण दोन गोष्टी ओळखा. पंधरा दिवस उलटले, वेळ मिळूनही वाचावंसं वाटत नाही, आवडीचं पान निर्जीव वाटतं, झोप-भूक बिघडली आहे, उगाच रडू येतं, तर तो कंटाळा नाही. स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डर लाइन १४५६७ आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्याबद्दल. एक-दोन दिवसांत अचानक फार बदल झाला, कालपर्यंत लसूण सोलणारं माणूस आज भलतंच बरळतंय, गुंगीत आहे किंवा कधी नव्हे इतकं भडकतंय, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, अशी कारणं निघतात आणि ती बरी होतात. त्याच दिवशी दाखवा, मग सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय असो की पेठेतला दवाखाना.

अशा वेळेसाठी माझी एक कापडी पिशवी दाराच्या खुंटीला भरलेली असते. त्यांची फाइल, चालू गोळ्यांची यादी, पाण्याची बाटली, त्यांचा स्वेटर, एक जादा पायजमा, आणि एक पातळ कथासंग्रह, आतून कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल घातलेला. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायला दोन-दोन तास लागतात. हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगतात. अशा वेळी डाव्या हातात पुस्तक धरून उजव्यानं पान उलटता येत नाही, म्हणून पिशवीतलं पुस्तक एका हातात मावेल असंच निवडा.